सहा तारांचा मुलूख : लेखांक सातवा – बारा मात्रांची सनद

गेल्या आठवड्यात आपण आंद्रेस सेगोवियाच्या कारकिर्दीचा परामर्श घेतला. युरोपातील प्रतिष्ठित संगीतगृहांत ज्या वाद्याची फारशी गणना होत नसे, त्या गिटारला त्याने प्रदीर्घ साधनेने एकलवादनाचे मानाचे आसन मिळवून दिले आणि तिच्यासाठी नामांकित रचनाकारांकडून नव्या कृती लिहवून घेतल्या. परंतु त्याच स्पेनच्या दक्षिणेस, आंदालुसियाच्या मुलखात, या वाद्याचे दुसरे एक घराणे नांदत होते. तेथे स्वरलिपीचे दप्तर नव्हते. गायकाच्या कंठाचा आणि नर्तकीच्या पावलांचा हुकूम वादकाने पाळावा असा रिवाज होता, आणि विद्या बापाच्या हातातून मुलाच्या हातात उतरत असे. फ्लेमेन्को आणि अभिजात या दोन घराण्यांमधली सरहद्द ज्याने स्वतःच्या मातीचा अभिमान तिळमात्र न सोडता ओलांडली, त्या पाको दे लुसियाची ही हकिकत.

त्याचे मूळ नाव फ्रान्सिस्को सान्चेस गोमेस. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीजवळील आल्हेसिरास या बंदरात 21 डिसेंबर 1947 रोजी तो जन्मला. पाको हे फ्रान्सिस्कोचे घरगुती रूप. त्या नावाची पोरे गल्लोगल्ली असल्यामुळे ‘लुसियाचा पाको’ अशी आईच्या नावाने त्याची ओळख पडली, आणि तीच पुढे जगभर गेली. वडील अंतोनियो रात्री गिटार वाजवून संसाराला हातभार लावीत. घरची स्थिती बेताची. मुलाची शाळा लवकर सुटली आणि तासन्‌तासांची कडक तालीम सुरू झाली. थोरला भाऊ रामोन गिटारवादक, दुसरा भाऊ पेपे गायक. अशा घरात लय ही शिकवण्याची बाब नव्हती, ती कानांवरून अहोरात्र वाहत होती. कोवळ्या वयातच नर्तक होसे ग्रेको यांच्या संचाबरोबर तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि तेथे साबिकास या ख्यातनाम फ्लेमेन्को वादकासमोर त्याने आपले कसब दाखविले. त्या काळी तरुण वादकांचे दैवत असलेल्या निन्यो रिकार्दोच्या वळणावर हा मुलगा वाजवीत होता. वादकाने स्वतःचे संगीत स्वतः निर्माण करावे, असा उपदेश साबिकासने त्याला केला. तो त्याने जन्मभर पाळला.

दोन घराण्यांतील भेद वाद्याच्या अंगातच दिसतो. अभिजात गिटारचे अंग सामान्यतः शिसवीच्या जातीच्या जड लाकडाचे, नाद भरदार आणि रेंगाळणारा. फ्लेमेन्कोची परंपरागत गिटार सायप्रसच्या हलक्या लाकडाची, तारा पट्टीच्या अधिक जवळ, नाद कोरडा, धारदार आणि झटकन विरणारा. टाचांच्या गजरातून त्याला वाट काढावयाची असते. तिच्या पृष्ठभागावर पातळ आवरण चिकटविलेले असते, कारण वादक बोटांनी तेथे ठोकाही देतो. या ठोक्याला ‘गोल्पे’ आणि बोटे पंख्यासारखी उलगडत सर्व तारा छेडण्याला ‘रास्गेआदो’ म्हणतात.

गायक कामारोन दे ला इस्ला याच्या साथीने पाकोने फ्लेमेन्कोला नवे वळण दिले. 1973 च्या ‘फुएन्ते इ काउदाल’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘एन्त्रे दोस आग्वास’ या रुम्बाने त्याचे नाव घरोघरी पोहोचविले, आणि 1975 साली माद्रिदच्या तेआत्रो रेआलमध्ये त्याचे वादन झाले. तथापि त्याच्या कारकिर्दीची खरी कसोटी 1991 साली लागली.

ही कसोटी स्पॅनिश रचनाकार होआकिन रोद्रिगो याच्या कृतीची होती. रोद्रिगो वयाच्या तिसऱ्या वर्षी दृष्टीला मुकला. तो पियानोवादक, गिटार त्याच्या हातची नव्हे. तरीही 1939 साली पॅरिसमध्ये त्याने ‘कोन्सिएर्तो दे अरान्हुएस’ ही गिटार आणि वाद्यवृंद यांची कृती रचली, आणि 1940 साली बार्सेलोनात ती प्रथम सादर झाली. स्वरलेखन वाचण्याची विद्या पाकोला अवगत नव्हती. तेव्हा एकेक स्वर उकलीत त्याने ही दीर्घ कृती आत्मसात केली आणि नव्वदीच्या उंबरठ्यावरील रोद्रिगोच्या समक्ष कादाकेसच्या वाद्यवृंदासह ती वाजविली.

हे साधले कसे, याचे उत्तर माझ्या मते बोटांत नाही, मोजणीत आहे. फ्लेमेन्कोच्या तालचक्राला ‘कोम्पास’ म्हणतात. ‘बुलेरिआ’ या प्रकाराचे चक्र बारा मात्रांचे असून त्याची एक रूढ मांडणी तीन, तीन, दोन, दोन, दोन अशी होते, आणि मोजणी बाराव्या मात्रेपासून सुरू होते. आता रोद्रिगोच्या कृतीचा पहिला भाग पाहा. तो गिटारच्या छेडलेल्या स्वरसंघांनी सुरू होतो, आणि त्यातील सहा-सहा मात्रांचे गट कधी तीन-तीन, तर कधी दोन-दोन-दोन असे विभागले जातात. हे दोन गट शेजारी ठेवले की आल्हेसिरासच्या गल्लीतलेच ते बारा होतात. अंध रचनाकाराने लोकांच्या पावलांची चाल कागदावर उतरविली होती. कागद न वाचणाऱ्या वादकाने ती चाल आपलीच म्हणून ओळखली. पाकोच्या वादनात अभिजात वादकांची नादशुद्धी उणी आहे असे म्हणणारे जाणकार आहेत, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. परंतु त्या भागाची लय त्याच्याइतक्या निःशंकपणे पाऊल टाकताना मी क्वचितच ऐकली आहे.

25 फेब्रुवारी 2014 रोजी मेक्सिकोत त्याचे निधन झाले आणि आल्हेसिरासमध्येच त्याला चिरविश्रांती मिळाली. पेरूहून त्याने आणलेल्या लाकडी पेटीचा, म्हणजे ‘काहोन’चा, वृत्तान्त पुढील लेखांकात येईल. तोवर वाचकांनी एवढे करावे: प्रथम बुलेरिआ ऐकून बारा मात्रा टाळीने मोजाव्यात, आणि टाळी न मोडता रोद्रिगोच्या कृतीचा पहिला भाग लावावा.