वायफायची डुलकी

मार्च 2003 मध्ये इंटेलने सेंट्रिनो बाजारात आणलं. पेंटियम एम प्रोसेसर, चिपसेट आणि वायरलेस कार्ड, तिन्ही एकाच स्टिकरखाली. जाहिरातीत आश्वासनं दोन: वायरीविना इंटरनेट आणि जास्त टिकणारी बॅटरी. जुना लॅपटॉप चालता ठेवणाऱ्यांची पुढची कितीतरी वर्षं या दोघांचं भांडण मिटवण्यात गेली.

तक्रार ठरलेली असे. चार्जर लावला की नेट सुसाट, काढला की रडतखडत. राउटर बदला, सर्व्हिस प्रोव्हायडरला फोन करा, काही उपयोग नाही. कारण कार्डाच्या झोपेत होतं. राउटर साधारण दर 102 मिलिसेकंदांनी 'मी इथे आहे' अशी हाक देतो, तिला बीकन म्हणतात. वीज वाचवायची तर कार्ड दोन हाकांच्या मध्ये रेडिओ बंद ठेवतं. तोवर आलेला डेटा राउटरने सांभाळायचा आणि पुढच्या बीकनमध्ये तसं कळवायचं. कागदावर झकास. पण कार्ड उशिरा जागं झालं किंवा राउटरने डेटा नीट सांभाळला नाही, तर पिंगचा दोन-तीन मिलिसेकंदांचा आकडा शंभरापार उडतो, कधी जोडणीच तुटते. बॅटरीवर ही बचत आपोआप चालू होई, म्हणून दोष चार्जरचा वाटे. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधली वायरलेस अडॅप्टरची बचत 'कमाल कामगिरी' या अर्थाच्या पर्यायावर ठेवायची, लिनक्समध्ये एका ओळीच्या आज्ञेने बचत बंद करायची. कित्येकांचा आजार एवढ्यावर बरा झाला.

अर्थात, आधी कार्ड चाललं तर! ब्रॉडकॉम या चिप कंपनीने आपल्या वायफाय चिपची माहिती खुली केली नव्हती. त्यामुळे लिनक्सवाले एनडिसरॅपर या प्रोग्रॅमच्या आधाराने चक्क विंडोजचाच ड्रायव्हर चालवत. दुसरीकडे काही जणांनी चिकाटीने मूळ ड्रायव्हर उलगडला: एका गटाने चिपचं वागणं लिहून काढलं, दुसऱ्याने फक्त ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. जून 2006 मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे 2.6.17 कर्नलमध्ये आला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर 2010 मध्ये, आणि तोही नव्या चिपांपुरता. ॲथेरॉस या दुसऱ्या चिप कंपनीने 2008 मध्येच ते धाडस दाखवलं होतं.

मे 2007 मध्ये इंटेलचं पॉवरटॉप हे लिनक्ससाठीचं साधन आलं आणि प्रोसेसरला कोण उगाच उठवतंय ते लोकांना दिसू लागलं. मग वॅटवॅट वाचवायची चढाओढच. उत्साहात सगळ्याच सूचना मान्य करणाऱ्यांचा यूएसबी माउसही झोपायचा.

2011 मध्ये मात्र उलटा फटका बसला. 2.6.38 कर्नल घेताच अनेक लॅपटॉप जास्त वीज खाऊ लागले. बायोस 'पीसीआय एक्सप्रेसची वीजबचत इथे नको' असं सांगे आणि कर्नल ते अक्षरशः पाळून बायोसने आधीच चालू केलेली बचतही पुसून टाके. विंडोज अशा वेळी बायोसची मांडणी जशीच्या तशी ठेवतं, हे कर्नल विकसक मॅथ्यू गॅरेट यांनी शोधलं. 2012 मधल्या 3.3 कर्नलने तेच केलं.

बायोसचा हट्ट इतरत्रही नडे. थिंकपॅड लॅपटॉपमध्ये बायोसच्या यादीबाहेरचं कार्ड बसवलं की 1802 क्रमांकाची चूक दाखवून यंत्र सुरूच होत नसे. रेडिओचं बटण बिघडून वायफाय कायमचं बंद पडलं, तर मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डाच्या 20 व्या पिनवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावणं हा जाणकारांचा इलाज. बंद करण्याचा संदेश तिथूनच येतो, पट्टीने तो अडतो. जुगाड खरा, पण शास्त्रशुद्ध.

जून 2023 मधल्या डेबियन लिनक्स 12 पासून मालकी हक्काचं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे इंटेलची बहुतेक जुनी कार्डं पहिल्याच फटक्यात चालतात. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांचं फर्मवेअर मात्र वाटण्याची परवानगी नाही. ते नेटवरून उतरवावं लागतं. म्हणजे वायफाय चालू करायला आधी लॅनची वायर शोधा, नाहीतर फोन यूएसबीने जोडा.