अखेरच्या शिट्टीनंतरचे १०३ दिवस : दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉलमधील विजेता लवादात कसा ठरला

रायपूर : भारतीय फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजेच आय-लीगचा, २०२४-२५ चा हंगाम ६ एप्रिल २०२५ रोजी मैदानावर संपला. त्याचा विजेता मात्र १८ जुलै रोजी निश्चित झाला, आणि तोही स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाच्या निर्णयाने. मधल्या १०३ दिवसांत एका क्लबाला विजेता घोषित करण्यात आले, करंडक देण्यात आला आणि अखेरीस विजेतेपद दुसऱ्याच क्लबाच्या नावे नोंदले गेले. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स आणि वाराणसीचा इंटर काशी हे ते दोन क्लब.

वाद एका करंडकापुरता असता, तर तो एवढा ताणला गेला नसता. दुसऱ्या श्रेणीत पहिला येणे म्हणजे पहिल्या श्रेणीत प्रवेश मिळणे. इंडियन सुपर लीगचे दार २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला खुले झाले. त्या वर्षी राऊंडग्लास पंजाब आणि पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग या दाराने वर गेले. उपविजेत्यासाठी मात्र काहीच नाही. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातील एका गुणाचे अंतर हे प्रायोजक, दूरचित्रवाणीवरील दर्शन आणि खेळाडूंचे करार या सर्वांचे अंतर असते.

रायपूरसारख्या शहरातील वाचकाला या प्रकरणाशी काय कर्तव्य, असा प्रश्न पडू शकतो. रायपूरने २०१५ मध्ये हॉकी वर्ल्ड लीगची अंतिम फेरी भरवली. जानेवारी २०२३ मध्ये शहीद वीर नारायण सिंह मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यातील एकदिवसीय सामना झाला. असे सामने शहराला यजमानपदाच्या वाटपातून मिळतात. फुटबॉलच्या राष्ट्रीय साखळीतील स्थान मात्र कोणी वाटून देत नाही. ते क्लबाला तळापासून खेळत मिळवावे लागते. प्रथम राज्याची साखळी, तेथून राज्य संघटनेच्या शिफारशीने आय-लीग ३, त्यापुढे आय-लीग २, मग आय-लीग आणि सर्वांत वर सुपर लीग. २०२४-२५ च्या आय-लीगमधील १२ क्लबांत छत्तीसगडचा एकही नव्हता, महाराष्ट्राचाही नव्हता. राज्यात खेळाची मुळे नाहीत असे नव्हे. बस्तर विभागातील नारायणपूर येथे रामकृष्ण मिशनच्या मैदानावर २०२४ मध्ये २० वर्षांखालील पुरुषांची स्वामी विवेकानंद राष्ट्रीय स्पर्धा भरली होती. परंतु जी शिडी चढायची, तिच्या वरच्या पायऱ्या मजबूत आहेत की नाहीत, हे खालच्या पायरीवर उभ्या असलेल्यालाच अधिक पाहावे लागते.

एका सामन्याचे तीन गुण

हंगामाची अखेरची फेरी सुरू झाली तेव्हा चर्चिल ब्रदर्सचे ३९, केरळच्या गोकुलमचे ३७ आणि रिअल काश्मीर व इंटर काशी यांचे प्रत्येकी ३६ गुण होते. चौघांनाही कागदोपत्री संधी होती. श्रीनगरमध्ये चर्चिलने रिअल काश्मीरशी १-१ अशी बरोबरी साधली. कोझिकोडमध्ये गोकुलमला गोव्याच्याच डेम्पो क्लबाने ४-३ असे हरवले. इंटर काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ असे नमवले. तालिका झाली ती अशी : चर्चिल ४०, इंटर काशी ३९. गोव्यात विजयाचे वातावरण असले, तरी त्या रात्री विजेत्याची अधिकृत घोषणा झाली नाही. कारण तीन महिन्यांपूर्वीच्या एका सामन्याचा निकाल अजून अधांतरी होता.

हा सामना १३ जानेवारीचा. पंजाबच्या नामधारी क्लबाने इंटर काशीला २-० असे पराभूत केले होते. मात्र नामधारीकडून खेळलेला ब्राझीलचा क्लेडसन दा सिल्वा पिवळ्या कार्डांची ठरलेली संख्या गाठल्यामुळे त्या सामन्यासाठी निलंबित असायला हवा होता, असा आक्षेप इंटर काशीने घेतला. अपात्र खेळाडू उतरवणाऱ्या संघाचा सामना ०-३ असा पराभव मानला जातो, हा जगभर रूढ असलेला नियम. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने तो लागू करून तीन गुण इंटर काशीला दिले. नामधारीने महासंघाच्या अपील समितीकडे दाद मागितली. समितीने आधी या आदेशाला स्थगिती दिली आणि हंगाम संपल्यानंतर, १८ एप्रिलला, तो रद्द केला. दुसऱ्याच दिवशी महासंघाने चर्चिलला विजेता घोषित केले.

इंटर काशी लोझानला गेला. एप्रिलच्या अखेरीस चर्चिलला करंडक देण्यात आला आणि त्याच सुमारास पारितोषिक वितरण रोखणारा लवादाचा अंतरिम आदेशही आला. जूनच्या मध्यात लवादाने नामधारी सामन्याचे तीन गुण इंटर काशीचेच असल्याचा निर्णय दिला. ३९ अधिक ३, म्हणजे ४२. हिशेब येथे संपायला हवा होता.

तो संपला नाही, कारण दरम्यान दुसरा प्रश्न उभा राहिला होता. इंटर काशीचा स्पॅनिश आघाडीपटू मारिओ बार्को याचे नाव हंगामाच्या मध्यात परदेशी खेळाडूंच्या यादीतून वगळण्यात आले आणि नंतर दुसऱ्या परदेशी खेळाडूच्या जागी पुन्हा नोंदवण्यात आले. एकदा वगळलेला परदेशी खेळाडू त्याच हंगामात परत येऊ शकतो का? चर्चिल, नामधारी आणि रिअल काश्मीर यांचे म्हणणे होते की येऊ शकत नाही. त्यामुळे तो ज्या सामन्यांत खेळला त्यांचे निकाल बदलावेत. अपील समितीने या मुद्द्यावर इंटर काशीविरुद्ध कौल दिला. हे गुण वजा झाले असते, तर नामधारी प्रकरणातील विजय निरर्थक ठरला असता. १८ जुलैला लवादाने हा कौलही रद्द केला आणि इंटर काशीला विजेता घोषित करण्याचा आदेश महासंघाला दिला. लवादाच्या खर्चाचा ५५ टक्के भार महासंघावर आणि प्रत्येकी १५ टक्के भार तिन्ही क्लबांवर टाकण्यात आला.

या निकालपत्राचे दोन अर्थ लावता येतात. नियम अखेर पाळला गेला, असे इंटर काशीचे समर्थक म्हणतील. चर्चिलच्या बाजूने पाहिले, तर त्यांनी २२ सामन्यांत मिळवलेल्या ४० गुणांपैकी एकही गुण कोणी काढून घेतला नाही. ज्या नामधारी-इंटर काशी सामन्याने त्यांचा क्रमांक घसरला, त्यात ते मैदानावरही नव्हते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबाने २००८-०९ आणि २०१२-१३ मध्ये आय-लीग जिंकली, तेव्हा ती देशाची पहिली श्रेणी होती. लीग दुसऱ्या श्रेणीची झाली, तसा क्लबही तिच्याबरोबर खाली आला. २०१२-१३ चा उपविजेता पुणे एफसी होता. तो क्लब तर आज अस्तित्वातच नाही. चर्चिल किमान टिकून आहे, आणि म्हणूनच ही हुकलेली बढती त्याला अधिक बोचणारी.

स्पेनमध्ये काय होते

बार्को स्पेनचा, इंटर काशीचे प्रशिक्षक अँतोनियो लोपेस हाबास हेही स्पेनचे. त्यांच्या देशातील दुसरी श्रेणी, सेगुंदा दिव्हिसिओन, १९२९ पासून खेळली जाते. २२ क्लब, प्रत्येकाचे ४२ सामने. पहिले दोन थेट वर जातात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार क्लब बाद फेरी खेळतात आणि त्यातील एक वर जातो. तळाचे चार खाली येतात. मोठ्या क्लबांचे दुय्यम संघही या श्रेणीत खेळू शकतात, परंतु मूळ क्लब वर असताना त्यांना बढती मिळत नाही.

या रचनेचा परिणाम असा की मे महिन्यापर्यंत तालिकेच्या मधल्या भागातील क्लबांनाही खेळण्यासाठी काही उरते. भारतात एकच जागा असल्याने एका सामन्याच्या निकालावर सारा हंगाम लटकतो. जेथे तीन जागा आहेत, तेथे दुसरा आलेला क्लब न्यायालयात न जाताही वर जातो. बाद फेरीतही साखळीतील क्रमांकाला किंमत आहे. दोन लढती आणि जादा वेळेनंतरही बरोबरी राहिली, तर पेनल्टीऐवजी तालिकेत वर असलेला संघ पुढे जातो.

२०२४-२५ मध्ये लेव्हान्ते पहिला आणि एल्चे दुसरा आला. तिसरी जागा रिआल ओव्हिएदोने मिळवली. मिरांदेसविरुद्धची पहिली लढत ०-१ अशी गमावल्यानंतर २१ जूनला घरच्या मैदानावर जादा वेळेत ३-१ असा विजय मिळवून हा क्लब २४ वर्षांनी पहिल्या श्रेणीत परतला. एक गोल ४० वर्षांच्या सांती कासोर्लाचा होता. ओव्हिएदो २००३ मध्ये थकलेल्या वेतनांमुळे थेट चौथ्या श्रेणीत फेकला गेला होता. २०१२ मध्ये तो बंद पडण्याच्या बेतात असताना जगभरातील हजारो चाहत्यांनी लहानलहान समभाग विकत घेऊन तो वाचवला. त्यांत त्याच क्लबात घडलेला कासोर्लाही होता. ही गोष्ट शक्य झाली, कारण खाली पडलेल्या क्लबाला वर येण्याची वाट नियमानुसार उघडी होती.

स्पेनमध्ये सारे आलबेल आहे, असा याचा अर्थ नाही. २०१५ च्या कायद्यानुसार दूरचित्रवाणी हक्कांच्या उत्पन्नातील ९० टक्के वाटा पहिल्या श्रेणीला आणि केवळ १० टक्के दुसऱ्या श्रेणीला जातो. अपात्र खेळाडूचे वादही तेथे होतात. त्याच वर्षी २ डिसेंबरला रेआल माद्रिदने स्पॅनिश चषकात तिसऱ्या श्रेणीतील कादिसविरुद्ध डेनिस चेरिशेव्हला खेळवले. आधीच्या हंगामातील कार्डांमुळे तो निलंबित होता. माद्रिदने सामना ३-१ असा जिंकला, आणि दोन दिवसांत शिस्तपालन न्यायाधीशांनी देशातील सर्वांत बलाढ्य क्लबाला स्पर्धेबाहेर काढले. माद्रिदने अपिले केली, ती फेटाळली गेली आणि स्पर्धा पुढे चालू राहिली.

नामधारी प्रकरण आणि चेरिशेव्ह प्रकरण यांतील नियम जवळपास एकच. फरक आहे तो वेळेचा. जानेवारीतील सामन्याचा अंतिम निर्णय जूनमध्ये येतो, तेव्हा त्या दरम्यानचा प्रत्येक संघ चुकीच्या तालिकेकडे पाहून डावपेच आखत असतो. अखेरच्या दिवशी एका गुणाची बरोबरी पुरेशी आहे की विजयच हवा, हे चर्चिलला ठाऊक असते, तर श्रीनगरमधील सामना कदाचित वेगळ्या रीतीने खेळला गेला असता.

शिडीच्या तुटलेल्या पायऱ्या

वादाला आणखी एक किनार होती. लवादाचा अंतिम निर्णय येण्याच्या आठवडाभर आधी, ११ जुलैला, सुपर लीगच्या आयोजकांनी २०२५-२६ चा हंगाम स्थगित ठेवत असल्याचे कळवले होते. महासंघाबरोबरचा त्यांचा व्यावसायिक हक्कांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि नव्या कराराचा पत्ता नव्हता. म्हणजे इंटर काशीने ज्या घरात प्रवेश जिंकला, त्या घरालाच कुलूप लागले होते. सुपर लीग अखेर १४ फेब्रुवारी २०२६ रोजी आखूड स्वरूपात सुरू झाली. तेरा जुन्या क्लबांसोबत इंटर काशी हा चौदावा.

तेरा जुने क्लब कायम राहिले, यातच दुसरी उणीव दिसते. २०१९ च्या आशियाई महासंघाच्या आराखड्यानुसार २०२४-२५ पासून बढतीबरोबरच सुपर लीगमधून पदावनतीही सुरू व्हायची होती. त्या हंगामात मोहम्मेडन स्पोर्टिंग तळाला राहिला, तरी त्याला खाली यावे लागले नाही. आय-लीगमध्ये मात्र पदावनती काटेकोर आहे : स्पोर्टिंग क्लब बंगळूरू आदल्या वर्षी आय-लीग २ जिंकून वर आला आणि एका हंगामातच दिल्ली एफसीसह परत खाली गेला.

पायऱ्या जेथे शाबूत आहेत, तेथे चढण किती झपाट्याने होऊ शकते, याचेही उदाहरण याच हंगामात आहे. पश्चिम बंगालचा डायमंड हार्बर हा क्लब २०२२ मध्ये स्थापन झाला. त्याने २०२४-२५ च्या एकाच हंगामात आधी आय-लीग ३ आणि मग आय-लीग २ जिंकली, आय-लीगमध्ये स्थान मिळवले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ड्युरँड चषकाची अंतिम फेरी गाठली. तेथे नॉर्थईस्ट युनायटेडने त्याला ६-१ असे हरवले. राज्याच्या साखळीतून निघून दुसऱ्या श्रेणीपर्यंत पोहोचण्याची हीच वाट रायपूरच्या एखाद्या क्लबासमोरही आहे, आणि तिची सुरुवात आय-लीग ३ साठी राज्य संघटनेची शिफारस मिळवण्यापासून होते.