तिशीत टेक-ऑफ!

ऑफिसची खुर्ची सोडून थेट कॉकपिट? राजीनामा टाइप करण्याआधी हा हिशेब मांडाच!

२५ नोव्हेंबर २००९, पुण्याचा लोहगाव तळ. अमरावतीच्या सूनबाई आणि तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील वयाच्या ७४व्या वर्षी जी-सूट चढवून सुखोईत बसल्या आणि आकाशात फेरी मारून आल्या. टीव्हीवर ते पाहताना अख्खं वऱ्हाड खूश झालं. पण विमान चालवत होता तो पुढच्या सीटवरचा वैमानिक. मागच्या सीटवर बसायला हिंमत पुरते. पुढच्या सीटला हिंमतीसोबत हिशेबही लागतो. हा लेख त्या हिशेबाचाच.

आजच का? कारण विमान आता आपल्या दारात आलंय. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं, अलायन्स एअरचं एटीआर-७२. याच बेलोऱ्यात एअर इंडियानं पायलट ट्रेनिंग अकादमी जाहीर केली. दरवर्षी १८० वैमानिक घडवायचे आणि त्यासाठी ३४ ट्रेनर विमानं, असा तो प्लॅन. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी मात्र २०२५ पर्यंत नियमित प्रवासी सेवेची वाटच पाहत होती. तरीही अकोल्याच्या पोराला बेलोरा काही दूर नाही, शंभरेक किलोमीटरचाच तर प्रश्न!

आता समजा, तुम्ही बत्तीस वर्षांचे. बडनेऱ्याला किंवा शेगावला इंजिनिअरिंग, मग हिंजवडीत जॉब. पगार बरा, अप्रेझल बरं, पण सोमवार आला की पोटात गोळा. आणि लहानपणी गच्चीवर झोपून पाहिलेलं ते लुकलुकणारं विमान अजून डोक्यातून जात नाही. घरी विषय काढला की काका म्हणणार, ‘अबे, या वयात? कायले उडतं बाप्पा, बसून खा नं!’ काकांचं ऐकायचं की मनाचं?

वय आडवं येतं का?

कायद्यानं नाही. कमर्शियल पायलट लायसन्स म्हणजे सीपीएल. त्यासाठी वय किमान १८ हवं, वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती दुसऱ्या टोकाला. ६५व्या वर्षी एअरलाइनच्या कॉकपिटमधून उतरावंच लागतं. म्हणून गणित उलटं करा. बत्तिशीत सुरुवात केली, ट्रेनिंग आणि नोकरी शोधण्यात चार वर्षं गेली, तर हातात २९ वर्षं उरतात. बेचाळिशीत सुरुवात केली तर १९. त्यातून कर्जफेडीची वर्षं वजा करा. जे उरेल ते तुमचं खरं करिअर!

आणखी एक. बऱ्याच एअरलाइन्सच्या कॅडेट प्रोग्रॅमला वयाची अट असते. ती आधी तपासा, नंतर स्वप्नं बघा.

उशिरा एअरलाइनमध्ये येणारे आहेत का? आहेत, पण बहुतेकदा वायुदलातून. कॅप्टन दीपक साठे यांचं उदाहरण घ्या. आईवडील नागपूरला, स्वतः १९८१ पासून वायुदलात, पुढे टेस्ट पायलट. २००३ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी वायुदल सोडलं आणि प्रवासी विमानांकडे वळले. ७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी रात्री कोझिकोडला दुबईहून आलेलं त्यांचं विमान धावपट्टीवरून पुढे घसरलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. चौकशी अहवालानं ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याचं संभाव्य कारण नोंदवलं. एवढ्या अनुभवी माणसाचीही प्रत्येक लँडिंगला नव्यानं परीक्षा असते. साठ्यांच्या गाठीशी दोन दशकांचं उड्डाण होतं. आपण शून्यापासून सुरू करणार, हे लक्षात असू द्या.

२०० तासांची शाळा

सीपीएलसाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमानाची सगळी जबाबदारी तुमच्या एकट्यावर. ५ तास रात्रीचे. शिवाय एक ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरची क्रॉसकंट्री, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून.

वऱ्हाडी उन्हाचाही यात रोल आहे बरं का! मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला की हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनची ताकद घटते आणि टेक-ऑफला धावपट्टी जास्त लागते. तेव्हा पहाटेचा अलार्म लावायची सवय आत्ताच करा.

बाबांचं शेत आणि बँक

खर्च? सीपीएललाच साधारण अर्धा कोटी धरून चला. त्यानंतर एअरबस किंवा बोइंग चालवण्यासाठी टाइप रेटिंग लागतं, त्याचे आणखी काही लाख. एवढ्या एज्युकेशन लोनला बँक तारण मागणारच. इथे आपल्याकडचा हमखास डायलॉग येतो, ‘शेत आहे की!’ पण थांबा. थकीत कर्जाची वसुली बँका ज्या २००२ च्या सरफेसी कायद्यानं करतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून बँकांना शेतापेक्षा शहरातलं घर किंवा एनए प्लॉट बरा वाटतो. मग उरतात दोनच वाटा: शेत विकायचं, नाहीतर आईबाबा राहतात ते घर गहाण ठेवायचं. स्वप्न तुमचं, पण रिस्क चौघांची. म्हणून हा निर्णय चौघांनी एकत्र बसूनच घ्यायचा.

लायसन्स मिळालं म्हणजे नोकरी मिळालीच, असंही नाही. किंगफिशर २०१२ ला थांबली, जेट एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला. प्रत्येक वेळी अनुभवी पायलट बाजारात आले आणि नवे लायसन्सवाले रांगेत आणखी मागे गेले. रांग सरकेपर्यंत ईएमआय कोण भरणार, हे आधी ठरलेलं हवं.

मग करायचं काय?

घाबरून जायचं कारण नाही, फक्त क्रम बदला. आपल्यापैकी बरेच जण आधी राजीनामा देतात आणि मग चौकशी करतात. त्याऐवजी असं करा:

• आधी मेडिकल. क्लास टू, मग क्लास वन. चष्मा आहे म्हणून लगेच हिरमुसू नका, ठरावीक मर्यादेतला चालतो. पण रंग ओळखण्यात दोष किंवा हृदयाचा त्रास निघाला, तर तो अर्धा कोटी घालवण्याआधी कळलेला बरा.

• बारावीचं बघा. फिजिक्स-मॅथ्स नसेल तर कॉमर्सवाल्यांनाही एनआयओएसमधून हे दोन विषय देता येतात.

• पेपर नोकरीत असतानाच द्या. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स, टेक्निकल. पासिंग ७० टक्के! ऑफिसनंतर रात्री अभ्यास जमला तर तुमची ओढ खरी. तिसऱ्याच महिन्यात पुस्तकं माळ्यावर गेली, तर समजा, नोकरी वाचली.

• एक फ्लाइंग स्कूल आतून पाहा. महाराष्ट्रात बारामती, शिरपूर आणि आपल्या विदर्भातलं गोंदिया आहेच. तिथल्या विद्यार्थ्यांना एकच विचारा: २०० तास पूर्ण व्हायला प्रत्यक्षात किती महिने लागले?

• राजीनामा सगळ्यात शेवटी.

या पाच पायऱ्यांमध्ये फार पैसे जात नाहीत, वर्ष-दीड वर्ष जातं. तेवढ्यात उत्तर मिळतं. ‘नाही’ आलं तर बेलोऱ्याच्या विमानात खिडकीची सीट आहेच, तिथूनही वऱ्हाड सुंदर दिसतं. आणि ‘हो’ आलं, तर ही फाइल घेऊन काकांसमोर बसा. मेडिकल पास, चार पेपर क्लिअर, कर्जाचा हिशेब कागदावर. काका तरीही कुरकुरतील. पण ‘या वयात?’ हा प्रश्न आता ते विचारणार नाहीत. ते विचारतील, ‘मले कधी नेतं मुंबईले?’