बॉम्बे हायचा दुसरा शोध

ऑक्टोबर १९७३मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटलं आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेल पुढच्या जानेवारीपर्यंत अकरा-बारा डॉलरवर गेलं. भारत तेव्हा गरजेच्या दोन तृतीयांश तेल बाहेरून आणत होता. चेंबूरपलीकडे माहुलला दोन रिफायनऱ्या धडधडत होत्या, पण त्यांच्या पोटात जाणारं तेल परदेशातून बोटीनं यायचं. त्याच हिवाळ्यात मुंबईपासून १६० किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात, पुढे बॉम्बे हाय म्हणून ओळखल्या गेलेल्या जागी, ‘सागर सम्राट’ नावाची रिग आपले पोलादी पाय तळाला टेकवत होती.

या जागेचा सुगावा दहा वर्षांपूर्वीचा होता. १९६४-६५मध्ये ‘अकादेमिक आर्खांगेल्स्की’ हे सोव्हिएत सर्वेक्षण जहाज खंबातच्या आखातात आणि खाली मुंबईच्या समुद्रात फिरलं. पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या, तळाखालच्या थरांवरून परत येणारे पडसाद नोंदवायचे आणि त्यावरून नकाशा काढायचा, असं ते काम. त्या नकाशात उपड्या कढईसारखा एक प्रचंड उंचवटा दिसला. अशा उंचवट्याखाली तेल अडकून राहू शकतं. नुसतं खारं पाणीही असू शकतं. नकाशा एवढंच सांगतो की इथे भोक पाडून बघा.

शंकेला जागा होती. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा काळा कातळ ज्या लाव्हाचा, त्याच दख्खनी लाव्हाचे थर समुद्राखालीही पसरले आहेत, आणि लाव्हात तेल तयार होत नाही. पण त्यावर पुढे कोट्यवधी वर्षं गाळ साचत गेला. गाळातल्या सेंद्रिय द्रव्याचं तेल झालं असेल, ते वर सरकून चुनखडकाच्या छिद्रांत शिरलं असेल आणि वरच्या घट्ट थरानं त्याची वाट अडवली असेल, तरच काही हाती लागणार होतं. तीन ‘असेल’ एकाच ठिकाणी जुळायला हवे होते.

तिथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल. त्याआधी १९७०मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोगानं, म्हणजे ओएनजीसीनं, गुजरातच्या अलियाबेटजवळ उथळ पाण्यात विहीर खोदली होती, पण तो अनुभव इथे पुरणारा नव्हता. म्हणून जपानच्या मित्सुबिशीकडून ‘सागर सम्राट’ बांधून घेतली. ही रिग तरंगत जागेवर येते, पाय खाली सोडते आणि मग स्वतःचं धूड पायांवर चढवत लाटांच्या वर उचलते.

जानेवारी १९७४च्या अखेरीस खोदाई सुरू झाली. अशा विहिरीत तेलाची पहिली खबर चिखलातून येते. ड्रिलच्या टोकाशी पाइपातून सतत चिखल सोडलेला असतो. तो परत वर येताना खडकाचा चुरा घेऊन येतो. भूवैज्ञानिक चाळणीवरचा चुरा उचलतो, धुतो, हुंगतो आणि अतिनील दिव्याखाली धरतो. तेल असेल तर राखाडी कणांवर पिवळसर चमक उमटते. पण चमकेवर कोणी सही करत नाही. मग विहिरीत केबलवर उपकरणं सोडून खडकाचा विद्युतरोध मोजतात. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, तेलातून वाहत नाही. ही युक्ती फ्रान्सच्या कोनराड आणि मार्सेल श्लुंबर्जे या भावांची. १९२७मध्ये अल्सास प्रांतातल्या पेशेलब्रॉनच्या विहिरीत ती पहिल्यांदा वापरली गेली आणि तिच्यातून तेलक्षेत्राला ‘सेवा’ पुरवणारा स्वतंत्र धंदा उभा राहिला. तेल मालकाचं, ते शोधायचं कसब, माणसं आणि यंत्रं भाड्याची.

१९ फेब्रुवारी १९७४ रोजी तेल लागलं. चुनखडकानं शब्द पाळला होता. मे १९७६मध्ये उत्पादन सुरू झालं, १९७८मध्ये उरणपर्यंत पाइपलाइन आली, आणि ऐंशीच्या दशकात देशात निघणाऱ्या तेलात बॉम्बे हायचा वाटा सर्वांत मोठा झाला. ‘सागर सम्राट’ पुढे एक रुपयाच्या नोटेवर झळकली.

पण भर समुद्रात शेकडो माणसं ठेवायची तर त्यांची नेआण कोण करणार? चौदा दिवस आत, चौदा दिवस बाहेर, अशी ऑफशोअरची ड्युटी. बोटीला वेळ लागतो, आणि पावसाळ्यात बोटीवरून प्लॅटफॉर्मवर चढणं म्हणजे जिवाशी खेळ. ओएनजीसी हेलिकॉप्टरं भाड्यानं घेत होती. ऑक्टोबर १९८५मध्ये सरकारनं त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली, तीच पुढे ‘पवन हंस’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ५१ टक्के सरकारचे, ४९ टक्के ओएनजीसीचे, असा तिच्या मालकीचा हिशेब पुढे ठरला. तळ ठरला जुहूचा विमानतळ. टाटांच्या हवाई टपालाचं पहिलं विमान १९३२मध्ये इथेच उतरलं होतं. आता पार्ल्याच्या इमारतींवरून रोज सकाळी तेलाची ड्युटी उडू लागली. इथे माणसाचं बॅगेसकट वजन होतं, लाइफ जॅकेट अंगावर चढतं आणि मगच पाऊण तासाचा प्रवास सुरू होतो.

सुरुवात मात्र वांध्याची झाली. ताफ्यात फ्रान्सची डॉफिन होती, तशीच ब्रिटनची वेस्टलँड-३०. ही २१ हेलिकॉप्टरं साडेसहा कोटी पौंडांच्या ब्रिटिश मदतीतून आली. अपघात झाले, माणसं दगावली, १९९१मध्ये ती सगळी जमिनीवर बसवली गेली, आणि अखेर साधारण नऊ लाख पौंडांत विकली गेली. कंपनी डॉफिनवर तगली.

हेलिकॉप्टर नसलं तर काय होतं, हे २७ जुलै २००५ला दिसलं. आदल्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. बॉम्बे हायवर ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या स्वयंपाक्याची दोन बोटं कापली गेली. खराब हवेमुळे हेलिकॉप्टरं उडत नव्हती, म्हणून त्याला उतरवायला जहाज बॉम्बे हाय नॉर्थ, म्हणजे बीएचएन, प्लॅटफॉर्मजवळ नेलं. लाटांनी जहाज ढकललं, त्याचा हेलिडेक गॅसच्या उभ्या नळावर आदळला, गॅस सुटला आणि पेटला. दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म संपला. २२ जणांचा बळी गेला, ३६२ जण वाचले.

उडणंही बिनधोक नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेलं डॉफिन समुद्रात कोसळलं आणि ओएनजीसीच्या पाच अधिकाऱ्यांसह सातही जण गेले.

एप्रिल २०२२मध्ये सरकारनं पवन हंसमधला आपला ५१ टक्के हिस्सा सुमारे २११ कोटींना विकायचं ठरवलं. २०२३मध्ये ती विक्री रद्द झाली. डिसेंबर २०२२मध्ये ‘सागर सम्राट’ मात्र रूप बदलून उत्पादनाला लागली. म्हणजे तिच्यावरही माणसं चढणार-उतरणार. तेल कुठे आहे हे १९७४ला तीन आठवड्यांत कळलं. ते काढणाऱ्या माणसाला वेळेवर आणि धड परत आणायला काय लागतं, हा शोध त्याहून लांबला, महागात पडला, आणि पावसाळ्यात जुहूचं आभाळ बंद झालं की अजूनही अपुराच ठरतो. या नेआणीच्या सेवेची बोली लावताना हेलिकॉप्टरांसोबत बीएचएनचाही हिशेब समोर ठेवायला हवा.