चार वर्षे नुसते चोळायलाच शिकवतात का?

ऑक्टोबर छाटणी उरकली की निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांमध्ये आपल्या माता-भगिनींचे हात जे वर जातात, ते खुडा संपेपर्यंत धड खाली येत नाहीत. आधी वांझ फुटी काढायच्या, मग शेंडा मारायचा, मग घडातले मणी विरळायचे, मग एकेक घड औषधाच्या पाण्यात बुडवायचा. मंडप डोक्याच्या वर, मान मागे टाकलेली, हात कानापेक्षा उंच. लासलगाव-पिंपळगावकडे कांद्याच्या खळ्यावर उकिडव्या बसणाऱ्या बायांचे दुखणे गुडघ्यात आणि कमरेत असते. बागेत जाणाऱ्यांचे खांद्यात. वेणी घालायला हात मागे जात नाही, पदर सावरताना कळ येते, कुशीवर झोपता येत नाही.

यावर आपल्या घरांत तीन उपाय ठरलेले. बाम, दुखायची गोळी आणि कुणाकडून तरी चोळून घेणे. फिजिओथेरपी म्हणजे या तिसऱ्या उपायाचे महागडे रूप, असेच आम्हालाही वाटत होते. आमच्या वस्तीतल्या एका मुलीने बारावी सायन्सनंतर या शाखेत प्रवेश घेतला, तेव्हा तिच्या आजीने भर अंगणात विचारले, "चार वर्षं नुसतं चोळायलाच शिकवतात का गं?" सगळे हसले. प्रश्न मात्र रास्त होता. आम्ही त्या मुलीची पुस्तके मागून घेतली, तिला शेजारी बसवले आणि उत्तर शोधले. आजीचाच खांदा समोर होता, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र. मेडिकलच्या मुलांसारखेच या मुलांनाही विच्छेदन कक्षात उभे राहून हाडे, स्नायू, नसा ओळखाव्या लागतात. कोणता स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, त्याला कोणती नस चालवते, हे तोंडपाठ हवे. खांद्याच्या वर हाडाचे एक छप्पर असते. त्याखालच्या अरुंद फटीतून एक स्नायू दंडाच्या हाडाकडे जातो. हात वारंवार वर गेला की त्याची दोरी त्या छपराखाली चिमटते आणि सुजते. बागेतल्या बाईचा खांदा दुखतो त्याचे एक मोठे कारण हेच. आता बाहेरून चोळून ती चिमट कशी सुटणार? सोबत शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे विषय असतात.

पुढचा विषय आम्हाला सर्वांत आवडला. त्याला कायनेसिऑलॉजी म्हणतात, म्हणजे हालचालीचे शास्त्र. हात सरळ वर नेला तर तो साधारण १८० अंश फिरतो. पण त्यातले सुमारे १२० अंशच खांद्याच्या सांध्यात होतात. उरलेले ६० पाठीवरचे खवाट्याचे हाड सरकल्यामुळे मिळतात. खवाटा जखडला किंवा त्याचे स्नायू थकले, तर सगळा भार खांद्यावर येतो. म्हणून खांदा दुखतो म्हणून गेलेल्या बाईला चांगला फिजिओथेरपिस्ट पाठीचे व्यायाम देतो, आणि आपण घरी येऊन म्हणतो, "दुखतंय कुठं आणि व्यायाम कशाचा!"

मोजमापही शिकवतात. सांधा किती अंश वळतो हे मोजायला कंपासपेटीतल्या कोनमापकासारखे गोनिओमीटर असते. स्नायूच्या ताकदीला शून्य ते पाच असे गुण देतात. अजिबात हालचाल नाही तर शून्य. नुसती थरथर दिसली तर एक. हात आडवा सरकतो पण स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलत नाही, तर दोन. उचलतो, तर तीन. समोरून थोडा दाब दिला तरी टिकतो, तर चार. पूर्ण जोर सोसतो, तर पाच. लकव्याच्या माणसाचा हात गेल्या महिन्यात एकवर होता आणि आज दोनवर आहे, हे घरच्यांना दिसत नाही, मोजणाऱ्याला दिसते. "काही फरक नाही" म्हणून उपचार सोडणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यांनी आधी मोजलेला आकडा विचारायला हवा होता.

मग येतात यंत्रे. सौम्य विजेने वेदना कमी करणारे टेन्स, ध्वनिलहरींचे अल्ट्रासाउंड, खोलवर शेक देणारी डायथर्मी. पुस्तकात ही कधी लावावीत त्याच्याइतकेच महत्त्व कधी लावू नयेत याला आहे. पेसमेकर बसवलेल्या माणसाला, गरोदर बाईच्या पोटावर किंवा कमरेवर, कर्करोगाच्या गाठीवर ही लावत नाहीत. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर साधी गरम पाण्याची पिशवीसुद्धा नको, कारण कातडी भाजली तरी कळत नाही. हे एवढे वाचकांनी आजच लक्षात ठेवावे. आमच्या ओळखीच्या एका बाईंना एका ठिकाणी तीन आठवडे फक्त शेक दिला गेला. कुणी हात वर करून पाहिला नाही, व्यायाम दाखवला नाही. पैसे गेले आणि खांदा आणखी आखडला.

विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, मानसोपचार, हेही असते. तिसऱ्या वर्षी मेडिसिन, शस्त्रक्रिया, अस्थिरोग, मेंदूविकार, बालरोग, स्त्रीरोग. हे सारे कशाला, असे आम्ही विचारले. मुलीने पुन्हा खांदाच धरला. डावा खांदा दुखतोय, चालल्यावर वाढतो, घाम येतो, दम लागतो, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. त्याला व्यायाम न देता ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायचे. खांदा हळूहळू आखडत गेला आणि रुग्णाला मधुमेह आहे, तर तो फ्रोझन शोल्डर असण्याची शक्यता मोठी. तो सुटायला वर्ष-दीड वर्षही लागते, म्हणून घाई करून ताणायचा नाही. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईचा खांदा आखडू नये म्हणून व्यायाम वेगळे.

चौथ्या वर्षी प्रत्यक्ष उपचार शिकवतात. हाडे-सांधे, मेंदू व मज्जातंतू, हृदय व फुफ्फुसे, आणि समाजातले भौतिकोपचार असे मोठे विषय असतात. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या छातीतला कफ सुटा करणे, बाळंतपणानंतर ओटीपोटाचे स्नायू बळकट करणे, मान न धरणाऱ्या बाळाला बसायला शिकवणे, हे सगळे यात येते.

अर्धांगाबद्दल मात्र थोडे थांबून सांगतो. आपल्या वस्तीत झटका आलेल्या माणसाला खाटेवरून उठवताना त्याचा लुळा हात धरून ओढतात. प्रेमानेच ओढतात. पण पहिल्या दिवसांत खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि हाताच्या वजनानेच सांधा खाली उतरू पाहतो. ओढले की तो निखळतो आणि पुढे कायमचा दुखतो. उठवताना पाठीला, खवाट्याला आधार द्या, हाताखाली उशी ठेवा. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. डॉक्टरांनी प्रकृती स्थिर आहे असे सांगितले की पहिल्या काही दिवसांतच फिजिओथेरपी सुरू करायची असते. "आधी जरा बरं वाटू दे" म्हणत महिने घालवणे सर्वांत महाग पडते.

या विद्येची आपल्याकडची पहिली शाळा १९५२ च्या सुमारास मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. कारण होते पोलिओ. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण तोवर ही विद्या लकवा, अपघात, दमा, म्हातारपण अशी सगळीकडे पोचली होती. आज राज्यातल्या या पदवीच्या कितीतरी महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच, म्हसरूळला आहे. नाशिक शहरात मविप्र संस्थेचे फिजिओथेरपी महाविद्यालयही आहे. अशा महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी रुग्ण पाहतात. आजी तिथेच गेली. पहिल्या दिवशी हात ९५ अंशांपर्यंत गेला, दोन महिन्यांनी १४० पर्यंत. कुणी चोळले मात्र नाही, ही तिची तक्रार अजून आहे.

ज्यांच्या घरी बारावी सायन्सची मुले आहेत त्यांच्यासाठी. आतापर्यंत ही पदवी चार वर्षे आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप अशी होती. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानंतर अभ्यासक्रमात बदल होत आहेत, तेव्हा प्रवेश घेताना कालावधी विचारून घ्या. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवे आणि नीट द्यावी लागते. शिकवणे इंग्रजीत असते. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना पहिले सहा महिने स्नायूंची लॅटिन नावेच छळतात, हे आमच्या मुलीनेही सांगितले. ती रोज दहा नावे चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहीत असे. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार शिष्यवृत्ती मिळते, वर असेल तर फ्रीशिप. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातला नको.

आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाका. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची जातीची नोंद फार कामाची असते. आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचा जुना उतारा काढा. गेले नसतील तर तहसील कार्यालयात कोतवाल बुकातली, म्हणजे गाव नमुना १४ मधली, त्यांची जन्म-मृत्यूची नोंद शोधा. जुनी पाने फाटकी असतात, शोधायला दिवस लागतात. दिवाळीच्या सुटीत जा.