कार्डावरचे लाउंज आणि दहा तासांचा थांबा

मुंबईहून दोहा, दुबई किंवा अबू धाबीमार्गे अमेरिकेला जायचे म्हटले की स्वस्तातल्या तिकिटावर आठ-दहा तासांचा थांबा हमखास येतो. घरात त्यावर लगेच तोडगा निघतो, "कार्डावर लाउंज आहे ना, बसू तिथेच." लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेले आई-बाबा असोत की मे महिन्याच्या सुट्टीत दोन मुलांना घेऊन निघालेले जोडपे, सगळ्यांची भिस्त याच एका वाक्यावर असते. त्यातले निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्याचा त्रास मात्र घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर माणसाला होतो, म्हणून ते निघण्याआधीच पाहून घ्यायला हवे.

कार्ड एकाकडे असले की सगळे घर आत जाते, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. दारातल्या काउंटरवर काय होते ते पाहा. तिथली मुलगी कार्ड आणि बोर्डिंग पास मागते, यंत्रावर नोंद करते, सोबत किती जण आहेत विचारते आणि सहीसाठी पावती पुढे करते. मागे रांग असते, कडेवर मूल असते, सही होऊन जाते. त्या पावतीवर पाहुण्यांचा आकडा लिहिलेला असतो. बहुतेक कार्डांवर मोफत प्रवेश फक्त कार्डधारकाला असतो. काही मोजक्या महागड्या कार्डांवर एखाद-दुसरा पाहुणा चालतो. 1992 साली सुरू झालेल्या प्रायॉरिटी पासचे सदस्यत्व आपल्याकडच्या अनेक क्रेडिट कार्डांसोबत मिळते. त्यात पाहुण्यामागे साधारण 35 डॉलर लागतात. चौघांच्या घरात तिघे पाहुणे धरले तर 105 डॉलर, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आसपास, वर कर. ही रक्कम दारात कोणी मागत नाही, ती पुढच्या बिलात दिसते. अगदी लहान बाळाला बहुधा पैसे पडत नाहीत, पण 'लहान' म्हणजे किती वर्षांचे, हे प्रत्येक लाउंज स्वतः ठरवते.

त्यात आणखी दोन अटी आहेत. भारतातल्या विमानतळांवर देशांतर्गत प्रवासासाठी मिळणारे मोफत प्रवेश परदेशात चालत नाहीत. त्यांचा कोटा वेगळा असतो आणि पुष्कळ कार्डांवर तो नसतोच. शिवाय 2024 पासून अनेक बँकांनी भारतातल्या लाउंजसाठी आधीच्या तिमाहीत ठरावीक रकमेची खरेदी केलेली असण्याची अट घातली आहे. मागच्या वर्षी ज्या कार्डावर सहज आत गेलो, तेच कार्ड यंदा नाकारले जाऊ शकते. बँकेच्या अॅपमध्ये हे पाच मिनिटांत कळते.

दुसरी समजूत अशी की एकदा आत शिरलो की विमान सुटेपर्यंत हलायला नको. कार्डावर प्रवेश देणारी बहुतेक लाउंजे दोन ते तीन तासच बसू देतात. वेळ संपली की नवा प्रवेश, म्हणजे कोट्यातला आणखी एक किंवा पुन्हा पैसे. काही ठिकाणी तर विमानाच्या वेळेआधी तीन तासांपेक्षा लवकर आत घेतच नाहीत. बिझनेस क्लासच्या तिकिटावर विमान कंपनीच्या स्वतःच्या लाउंजमध्ये बसणाऱ्यांची गोष्ट निराळी. आपल्याकडे तीन तास असतील, तर ते कधी वापरायचे हा खरा प्रश्न. मुंबईचे विमान पहाटे उतरते, सगळे खाऊन आलेले असतात, तरीही पाय आपोआप लाउंजकडे वळतात आणि भूक लागेपर्यंत वेळ संपलेली असते. माझे मत स्पष्ट आहे: ते तास पुढच्या विमानाच्या आधीच्या जेवणासाठी आणि अंघोळीसाठी राखून ठेवावेत. शॉवरची सोय असेल तर आत गेल्या गेल्या नाव नोंदवावे, कारण तिथेही रांग असते.

झोपेचे काय? लाउंजमध्ये पलंग असतात असे बरेच जण धरून चालतात. असतात त्या खुर्च्या, फार तर मागे कलणाऱ्या. गुडघे दुखणाऱ्या आजीला किंवा चार वर्षांच्या मुलाला त्यावर चार तास नीट झोप लागत नाही. त्यासाठी टर्मिनलच्या आतच ट्रान्झिट हॉटेले आहेत. दोह्याला ओरिक्स एअरपोर्ट हॉटेल, दुबईला टर्मिनल तीनमध्ये दुबई इंटरनॅशनल हॉटेल, सिंगापूरच्या चांगीला एरोटेल. इथे इमिग्रेशन ओलांडावे लागत नाही आणि खोली काही तासांसाठीही मिळते. तिघा पाहुण्यांचे लाउंजचे पैसे आणि एका खोलीचे पैसे शेजारी मांडून पाहा. थांबा रात्रीचा असेल आणि सोबत म्हातारे माणूस किंवा लहान मूल असेल, तर मी खोलीच्या बाजूने आहे. काही विमान कंपन्या मोठ्या थांब्यासाठी स्वतः हॉटेल देतात, पण त्याला अटी असतात. ती चौकशी तिकीट काढतानाच करावी.

लाउंजबाहेर नुसती गर्दी आणि दुकाने, असेही आपण मानतो. मुलांच्या बाबतीत तर हे साफ चुकीचे आहे. विमान कंपनीचे पहिले लाउंज 1939 साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने उघडले, ते मान्यवर पाहुण्यांसाठी. आजही लाउंजचा सूर तोच आहे: हळू बोला, शांत बसा. पाच वर्षांच्या मुलाला तीन तास गप्प बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. दोह्याचा हमाद विमानतळ 2014 साली सुरू झाला. तिथे टॉम ऑटरनेस या शिल्पकाराने घडवलेली ब्राँझची शिल्पे मुलांच्या खेळण्यासाठीच मांडलेली आहेत, सुमारे सात मीटर उंचीचे पिवळे अस्वल आहे, 2022 मध्ये खुली झालेली झाडांची मोठी बाग आहे आणि पाठ टेकायला शांत खोल्याही आहेत. चांगीच्या टर्मिनल तीनमध्ये फुलपाखरांची बाग आणि मोफत चित्रपटगृह आहे. तिथला प्रसिद्ध 40 मीटरचा धबधबा मात्र ज्वेल या इमारतीत, इमिग्रेशनच्या बाहेर आहे. तो जवळून पाहायचा तर सिंगापूरमध्ये प्रवेशाची परवानगी लागते. अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर तान्ह्या बाळांना झोपवण्यासाठी वेगळी मोफत जागा आहे. यातल्या कशालाही कार्ड लागत नाही.

विमानाची वेळ झाली की पुकारा होईल, या भरवशावर लाउंजमध्ये डोळे मिटू नयेत. दुबई, सिंगापूर आणि आपली मुंबई हे 'सायलेंट' विमानतळ आहेत. नेहमीच्या विमानांसाठी तिथे घोषणा होत नाहीत. गेट बहुधा विमान सुटण्याच्या वीस मिनिटे आधी बंद होते, आणि मोठ्या विमानतळांवर गेटपर्यंत जायला कधी आतल्या रेल्वेत बसावे लागते. गेट ऐन वेळी बदलतेही. मोबाइलवर गजर लावावा आणि पडदा स्वतः पाहावा.

ट्रान्झिटमध्ये आहोत म्हणजे कोणत्याच देशात नाही, ही समजूत सर्वांत महागात पडू शकते. अमेरिकेत परदेशी प्रवाशाला नुसते विमान बदलण्याची सोयच नाही. सहसा पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम्स पार करून, बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. अमेरिकेमार्गे तिसऱ्या देशात जायचे असले तरी व्हिसा लागतो. लंडनमध्ये भारतीय पासपोर्टवर विमान बदलायलाही व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचा वैध व्हिसा असेल तर सहसा सूट मिळते. दोन वेगळी तिकिटे काढली असतील तर बॅगा आपोआप पुढे जातीलच असे नाही, आणि त्या घ्यायला बाहेर पडायचे तर पुन्हा व्हिसा.

घरच्या डब्याचेही तसेच. हातातली पिशवी ट्रान्झिटला पुन्हा तपासली जाते. लोणचे, ओला ठेचा, तूप यांना सुरक्षा तपासणीत द्रवाचाच नियम लागतो, 100 मिलिलिटरपर्यंतच. आणि दुबई-अबू धाबीमार्गे जाताना अनारसे घरीच ठेवा. त्यांच्यावर लावलेली खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थविषयक कायद्याने बंद आहे, आणि प्रवासी फक्त विमान बदलतोय म्हणून तो कायदा थांबत नाही. पोळ्या, दशम्या, कोरडी चटणी खुशाल न्यावी.

लाउंजच्या मऊ खुर्चीत बसून राहणे म्हणजे विश्रांती, हेही पूर्ण खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 सालच्या अहवालानुसार चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केल्यावर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो कमी, सुमारे सहा हजारांत एक, पण वय झालेल्यांनी मधल्या थांब्यात चालणे हाच त्यावरचा साधा उपाय आहे.

आई-बाबा दोघेच निघणार असतील, तर एका कागदावर मराठीत चार गोष्टी लिहून त्यांच्या हातात द्या: लाउंजचे नाव, ते कोणत्या गेटजवळ आहे, कोणते कार्ड दाखवायचे आणि घड्याळात किती वाजता तिथून उठायचे. व्हीलचेअर घेतली असेल तर मदतनीस ठरलेल्या जागीच शोधायला येतो; लाउंजमध्ये जाण्यापूर्वी व्हीलचेअरच्या मदत-टेबलावर कळवून जायला सांगा.