शाई निवडताना आधी पेन पाहा

नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार जगभर फाउंटन पेनचा दिवस म्हणून साजरा होतो. त्या निमित्ताने अनेकांनी कपाटातली जुनी पेनं बाहेर काढली, कुणी नवीन घेतली. आणि लगेच सल्ले सुरू झाले : पेन जपायचं तर महागडी परदेशी शाईच भरा. हा सल्ला मला मुळीच पटत नाही. शाईत काय मिसळलंय, ती कोणत्या पेनात भरलीय आणि किती दिवस तशीच पडून आहे, यावर पेनाचं आयुष्य ठरतं.

ठाण्यात खोपटला एसटी आगाराजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानात काळ्या शाईच्या दोन बाटल्या शेजारीशेजारी दिसल्या. एक लिहायची, दुसरी ड्रॉइंगची वॉटरप्रूफ. खरा धोका इथे आहे. लिहायच्या साध्या शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. ड्रॉइंगच्या वॉटरप्रूफ काळ्या शाईत काजळीचे बारीक कण असतात आणि ते कागदाला घट्ट धरून राहावेत म्हणून बहुतेकदा लाख घातलेली असते. ब्रशला, टाकाला ती उत्तम. पण फाउंटन पेनात निबेखालच्या जिभेवरच्या अगदी बारीक खाचांतून शाई खाली उतरते. तिथे लाख वाळली की पाण्याने सुटत नाही आणि पेन कायमचं निकामी होऊ शकतं. म्हणून दुकानात नुसती ‘काळी शाई’ मागू नका. ‘फाउंटन पेनची’ म्हणा आणि लेबल वाचून घ्या.

देशी शाईला नाकं मुरडायचं काही कारण नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली. पुढे ‘कॅमल इंक’वरून कॅमलिन हे नाव रूढ झालं. १९३१ मध्येच अमेरिकेत पार्करची ‘क्विंक’ बाजारात आली. आणि त्याच पार्करने १९४१ मध्ये ‘५१’ पेनासाठी झटपट वाळणारी तीव्र अल्कधर्मी शाई काढली, तेव्हा ती दुसऱ्या पेनात भरू नका, असा इशारा कंपनीलाच द्यावा लागला. एका पेनाला मानवलेली शाई दुसऱ्याला बाधते, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

आजोबांच्या पेनात रबरी पिशवी असेल, तर साधी निळी शाई भरा. पारदर्शक पेनात गडद लाल-जांभळ्या शाईचे डाग बसतात. चमकीच्या शाईतली चमकी जिभेत साचते. हिराकस आणि टॅनिनची लोहशाई कागदावर पक्की बसते, पण ती आम्लधर्मी असते. स्टीलच्या निबेत महिनोन्‌महिने ठेवली तर निब गंजते. अशा शाया रोज लिहिणाऱ्यानेच वापराव्यात आणि पेन वरचेवर धुवावं.

शाई बदलताना नळाच्या साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत पेन धुवा. गरम पाणी किंवा स्पिरिट नको. दोन शाया एकत्र केल्या तर गाळ धरू शकतो. पेनातली उरलेली शाई बाटलीत परत ओतू नका. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात बुरशीला निमित्तच हवं असतं. बाटलीत पांढरट साय दिसली किंवा कुबट वास आला, तर ती सरळ फेकून द्या.

बाटलीवर रंगाचं नाव ठळक असतं. शाई विरघळलेल्या रंगाची आहे, कणांची की लोहाची, हे मात्र सहसा सापडत नाही. शाळकरी मुलंही शाई विकत घेतात. उत्पादकांनी एवढी एक ओळ मराठीतून छापलीच पाहिजे आणि ग्राहकांनी ती मागितली पाहिजे.